समईच्या उजेडातला शॉट असा लावा

थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी कलर स्क्रिप्ट काढा. प्रत्येक प्रसंगाचं छोटंसं चित्र, त्यात फक्त रंग आणि उजेड. सगळी शेजारी मांडली की गोष्ट कुठे तापते, कुठे निवते ते कळतं.

आता एक शॉट घेऊ. गोव्यात फोंड्याकडचं जुनं घर, पावसाळी संध्याकाळ, आजी वाट पाहतेय. सीनमधले सगळे दिवे आधी बंद करा. मग एकच लावा, समईचा, साधारण १९०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर). अगदी हनुवटीखाली ठेवलात तर आजी भुतासारखी दिसेल. जरा बाजूला सरकवा. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा उजेड फार मऊ असतो, म्हणून खिडकीशी मोठा एरिया लाइट, म्हणजे पसरट पृष्ठभागातून उजेड देणारा दिवा, ७००० केल्विनच्या आसपास, निळसर आणि मंद. डोळ्यांतल्या चमकेसाठी मी वेगळा छोटा दिवा ठेवते. कोपरे मात्र अंधारेच राहू द्या. सावल्या उजळणारा फिल लाइट वाढवला की त्या वाट पाहण्यातली हुरहूर जाते, आणि मला तीच तर हवी असते!

कॅमेरा बसलेल्या आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्थिर. दाराची कडी वाजली की मगच हळू पुढे न्या.

शेवटी फ्रेम कृष्णधवल करून बघा. नजर आधी चेहऱ्यावर जात नसेल तर रंगांशी खेळू नका, दिवे हलवा.