ट्रक येईपर्यंतचं घर: कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीला परतणाऱ्या लेकुरवाळ्यांसाठी

दर उन्हाळ्यात बे एरियातून इकडे न्यू जर्सीत परत येणारी दोन-चार मराठी बिऱ्हाडं आमच्या ओळखीत असतातच. लग्नानंतरची पहिली काही वर्षं एडिसन नाहीतर जर्सी सिटीत गेलेली असतात, मग नोकरीपायी तिकडे जाणं होतं, आता पदरात एक पोर आणि दुसरं वाटेवर, भाऊ-बहीण आणि जुनी मित्रमंडळी सगळी इकडे, म्हणून "चला, घरी परत जाऊ" असं ठरतं. जागा ओळखीची म्हणून सगळ्यांना वाटतं सोपं जाईल, ओक ट्री रोडवर, म्हणजे एडिसनच्या देशी बाजारात, काय कुठे मिळतं ते पाठच आहे की. पण तेव्हा तुम्ही दोघंच होतात. पीडियाट्रिशन, डेकेअर, स्कूल डिस्ट्रिक्ट यातलं काहीच तेव्हा लागत नव्हतं, त्यामुळे आता तुम्ही इथे नवीनच आहात असं धरून चाला.

माझं मुख्य सांगणं एकच आहे. सगळ्यांचं लक्ष पॅकिंगवर असतं, पण जड जातो तो मधला काळ, तुम्ही पोचलेले असता आणि सामान पोचलेलं नसतं. एवढ्या लांबच्या ट्रकमध्ये बहुतेक वेळा चार-पाच घरांचं सामान एकत्र भरतात, वाटेत उतरवत येतात, म्हणून मूव्हर नक्की तारीख देत नाही, "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" असं सांगतो आणि त्यात एक-दोन आठवडे, कधी तीनही जातात. मोठी माणसं रिकाम्या घरात कशीही राहतात हो, दोन वर्षांचं मूल नाही राहत. म्हणून ट्रक येईपर्यंतचं एक छोटं घर बरोबर घेऊन निघायचं, आणि ते बाकीचं पॅकिंग सुरू व्हायच्या आधीच वेगळं काढायचं, कारण एकदा खोकी बांधायला लागलो की हाताला येईल ते खोक्यात जातं.

या घरात काय हवं ते प्रत्येकाचं वेगळं. मी तरी तीन लिटरचा कुकर, एक कढई, मसाल्याचा डबा (झाकणाला टेप लावून), मूगडाळ-तांदळाची पिशवी, चार ताटल्या आणि एक धारदार सुरी हे धरतेच. पोचलो त्या रात्री मऊ खिचडी आणि वर तूप मिळालं की मुलांच्या दृष्टीने घर सुरू झालं. झोपायला हवा भरायची गादी चालेल, पण मुलाची स्वतःची गोधडी किंवा चादर पाहिजेच, आणि ती निघायच्या आधी धुवू नका, तिचा ओळखीचा वास राहू दे. थर्मामीटर, तापाचं औषध, नाइट लॅम्प, बाथरूमचा पडदा, स्क्रूड्रायव्हर, डायपरचं एक आख्खं पाकीट. खेळणी थोडीच घ्या, पण कोणती ते मुलाला ठरवू द्या. मुलाला न विचारता काहीही देऊन टाकू नका, अगदी मोडकी गाडीसुद्धा नाही. आणि याच महिन्यात बाटली सोडवणं, डायपर सोडवणं, वेगळ्या खोलीत झोपवणं असलं काही सुरू करू नका.

झोपेचं तर आधीपासून बघावं लागतं. वेळेत तीन तासांचा फरक आहे, म्हणजे तिकडे आठला झोपणारं मूल इकडे अकरापर्यंत टक्क जागं आणि सकाळी डेकेअरला उठता उठत नाही. निघायच्या दहा-बारा दिवस आधीपासून जेवण, आंघोळ, झोप सगळंच रोज पंधरा मिनिटं अलीकडे घ्या, आणि इथे आल्यावर सकाळी लवकर उन्हात बाहेर काढा. गाडीने येणार असाल तर हे आपोआप होतं, कारण टाइम झोन एकेक करून बदलतात.

गाडीने यायचं का हा प्रश्न सगळेच विचारतात. इंटरस्टेट ८० सॅन फ्रान्सिस्कोला सुरू होतो आणि थेट आपल्या टीनेकला संपतो, साधारण २,९०० मैल. रोज सहा तास गाडी धरली तर साताठ दिवस, आणि लहान मुलाला दर दोन तासांनी कार सीटमधून बाहेर काढायचं म्हणजे सहाचे आठ-नऊ तास होतात. जून ते सप्टेंबर असेल आणि मूल तीनच्या पुढचं असेल तर जरूर या, युटामधली पांढरीशुभ्र मिठाची मैदानं मुलांना फार आवडतात. पण हिवाळ्यात नको. वायोमिंगमध्ये वारा आणि बर्फामुळे हायवे बंद करतात, तासन् तास, आणि गाडीत तान्हं मूल असताना कुठल्यातरी गावात अडकणं बरं नाही. तेव्हा गाडी ट्रान्सपोर्टने पाठवा आणि विमानाने या. बहुतेक एअरलाइन्स कार सीट आणि स्ट्रोलर फुकट चेक-इन करतात, आणि आईचं दूध किंवा फॉर्म्युला द्रवपदार्थांच्या ३.४ औंसांच्या मर्यादेपेक्षा जास्त असला तरी सिक्युरिटीत नेता येतो, फक्त तिथे आधी सांगायचं.

मूव्हरशी बोलताना यूएसडॉट नंबर (सरकारी नोंदणी क्रमांक) मागा आणि तो एफएमसीएसएच्या, म्हणजे ट्रक-मूव्हर्सवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, साइटवर स्वतः तपासा. एस्टिमेट बायंडिंग (ठरलेली रक्कम पक्की) आहे की नॉन-बायंडिंग (नुसता अंदाज) ते लेखी घ्या. नॉन-बायंडिंग असेल तर सामान उतरवायच्या वेळी एस्टिमेटच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, उरलेलं नंतर बिल करतात. आधीच मोठी रोख रक्कम मागणारा असेल तर सरळ नाही म्हणा. आणि फुकट मिळणारं जे कव्हरेज असतं ते वस्तूच्या वजनावर पाउंडाला ६० सेंट, म्हणजे ५० पाउंडाचा टीव्ही फुटला तर हातात ३० डॉलर. फुल व्हॅल्यूचे, म्हणजे पूर्ण किमतीच्या भरपाईचे, पैसे भरा. दागिने, पासपोर्ट, आय-७९७ (इमिग्रेशनचं मंजुरीपत्र), बर्थ सर्टिफिकेट, लसींचं रेकॉर्ड ट्रकमध्ये अजिबात नको, ती बॅग खांद्यावरच.

आता कागदपत्रं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि कामाची जागा दुसऱ्या मेट्रो भागात जात असेल तर निघायच्या आधी कंपनीच्या वकिलाकडून अमेंडमेंट (मूळ अर्जातली दुरुस्ती) फाइल झालेली पाहिजे, घरून काम करत असलात तरी, कारण तुमचं घर हीच कामाची जागा धरतात. सिटिझन नसलेल्या प्रत्येकाने पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) एआर-११ या फॉर्मने नवा पत्ता कळवायचा, मुलांचाही वेगळा, आणि बाळाच्या मदतीला आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आलेले असतील तर त्यांचाही. पोस्टात पत्ता बदलला की काम झालं असं समजू नका, यूएससीआयएसची पत्रं पोस्ट पुढे पाठवत नाही. लायसन्स आणि गाडीचं रजिस्ट्रेशन इथे ६० दिवसांत बदलायचं, एमव्हीसीला (इथल्या वाहन खात्याला) कुठले आयडी लागतात ते त्यांच्या साइटवर बघा, अपॉइंटमेंट आधीच घ्या. भारतीय पासपोर्टची कामं आता न्यूयॉर्क कॉन्सुलेटच्या हद्दीत. जुन्या घरमालकाला नवीन पत्ता लेखी द्या, कॅलिफोर्नियात डिपॉझिटचा हिशोब २१ दिवसांत द्यावा लागतो. आणि पुढच्या वर्षी टॅक्स दोन्ही राज्यांत पार्ट-इयर रेसिडेंट (वर्षाचा काही भाग तिथे राहिलेले) म्हणून भरायचा. कंपनीने मूव्हिंगचा खर्च दिला असेल तर २०१८ पासून तो तुमच्या उत्पन्नातच धरला जातो, तेव्हा त्यावरचा टॅक्सही कंपनी भरणार का ते ऑफर घेतानाच विचारा.

शाळेची एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. किंडरगार्टनसाठी कॅलिफोर्नियात १ सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण लागतात, इथे बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये १ ऑक्टोबर आहे, म्हणजे सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाचं आख्खं वर्ष इकडचं तिकडे होतं. घर बघायच्या आधी त्या त्या डिस्ट्रिक्टला फोन करून विचारा. इथली शाळा लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) आसपास सुरू होते आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते, तिकडे ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होते, त्यामुळे उन्हाळ्यात आलात तर मुलांना मोठी सुट्टी मिळते, ती घर लावण्यात घालवू नका, त्यांना रोज त्याच एका पार्कमध्ये न्या म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आधी चार चेहरे ओळखीचे होतात. डेकेअरची वेटिंग लिस्ट मोठी असते, तिकडूनच नाव घाला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना डेकेअर-प्रीस्कूलसाठी न्यू जर्सीत फ्लूची लस सक्तीची आहे, ३१ डिसेंबरपर्यंत. मराठी शाळेचीही चौकशी उन्हाळ्यातच करा, मराठी विश्व या इथल्या मराठी मंडळाकडे किंवा जवळच्या दुसऱ्या मंडळात. मुलांच्या भाषेसाठी तर कराच, पण आईबाबांना ओळखी होतात त्याही तिथेच, आजारपणात डबा देणारं कोणीतरी मिळतं.

ट्रक आला की आधी मुलांचे पलंग, मग स्वयंपाकघर, बाकी सगळं थांबू शकतं. सही करायच्या आधी इन्व्हेंटरीचे (सामानाच्या यादीतले) नंबर एकाने दारात उभं राहून टिक करा, दुसऱ्याने मुलांना घेऊन बाहेर जा. आणि काचसामान, टीव्ही, मिक्सर यांची खोकी गॅरेजमध्ये तशीच ठेवू नका, पहिल्या महिन्यातच उघडून बघा, कारण मोडतोडीचा लेखी क्लेम डिलिव्हरीपासून नऊ महिन्यांच्या आतच करावा लागतो.