अर्थिंग केलं आणि आरसीसीबी पडायला लागला? घरच्या वर्कशॉपमधल्या या चुका टाळा

डिचोलीला आमच्या घरामागच्या पडवीत माझं छोटंसं वर्कशॉप आहे, म्हणजे एक बेंच ग्राइंडर, एक जुना ड्रिल स्टँड, कटर, आणि चवथ जवळ आली की मखरासाठी बाहेर निघणारा जिगसॉ, बस एवढंच. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये माडाचं चुडत पडून बाहेरच्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटला, घरातले दिवे गेले, मी अनवाणी ओल्या जमिनीवर उभा, आणि अंधारात चाचपडताना ड्रिलच्या बॉडीला हात लागला तर असा सणसणीत शॉक बसला की हातातला पाना कुठे उडाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं. लाईट गेलेली, मशीन बंद, मग करंट आला कुठून?

सॉकेट उघडलं तेव्हा कळलं. न्यूट्रलच्या आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये बोटाच्या पेराएवढा उघड्या तांब्याचा तुकडा घातलेला. आमच्याकडे अर्थिंगचा खड्डाच नव्हता, पण थ्री पिनमध्ये काहीतरी अर्थ 'दिसायला' हवा म्हणून कोणीतरी न्यूट्रलवरूनच उसना घेतला होता. न्यूट्रल शाबूत असतो तोवर हे चालून जातं. तो बाहेर तुटला की घरात चालू असलेल्या फ्रिजमधून, बल्बमधून फेज, म्हणजे करंट आणणारी जिवंत बाजू, न्यूट्रलवर येतो आणि त्या तुकड्यातून सरळ मशीनच्या बॉडीवर. स्विच बंद असला तरी उपयोग नाही, कारण स्विच फेज तोडतो, अर्थची पिन कायम जोडलेलीच राहते. तेव्हा घरात आरसीसीबी (करंट कुठे गळाला की लाईन तोडणारा स्विच, दुकानात आजही ईएलसीबी म्हणूनच मागतात) नव्हता, नाहीतर निदान त्याने तरी लाईन तोडली असती.

मग मी खड्डा खणायला घेतला. पाईप जीआयचा, अडीच मीटर लांब, आणि आपली जमीन जांभ्याची, तीन फुटांवर पहार टण्ण वाजते. इथेच बहुतेकजण पाईप कापून टाकतात, वरून कोळसा आणि मीठ घालून सिमेंटचं झाकण लावतात आणि झालं अर्थिंग. वरून बघून कोणाला कळणार? चिरा लागला तर दोन आखूड पाईप लांबलांब ठोकून एकमेकांना जोडलेले बरे, पण कापून गप्प बसू नका. आणि खड्डा आहे म्हणजे काम झालं असंही नाही, हिशोब करून बघा: खड्ड्याचा रेझिस्टन्स 40 ओहम असेल (सुक्या जांभ्यात सहज असतो) तर फेज बॉडीला लागल्यावर 230 भागिले 40, म्हणजे पावणेसहा अँपिअरच वाहणार. 16 अँपिअरचा एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) त्याला हूं की चूं करत नाही, बॉडी तशीच जिवंत राहते. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी मात्र तिथे डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो, म्हणून खड्डा आणि आरसीसीबी दोन्ही लागतात.

तर मी दोन्ही केलं, सगळ्या सॉकेटला हिरवी वायर नेली, मेनला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावला, आणि त्याच संध्याकाळपासून घरात भांडण. पंखा, दिवे ठीक चालायचे, इस्त्री लावली की खटकन सगळं घर अंधारात. इस्त्री बदनाम झाली, नवीन आणली, तीसुद्धा तशीच. वायरमन म्हणाला, "दादा, हे नवीन अर्थिंगच चुकलंय, वायर काढून टाका, नाहीतर आरसीसीबी बायपास करू." आणि खरं सांगतो, काढली असती तर पडणं लगेच थांबलं असतं. तीच तर गंमत आहे.

झालं होतं असं की ड्रिलच्या सॉकेटमधला तुकडा मी काढला होता, ग्राइंडरच्या सॉकेटमधला तसाच राहिला होता. पूर्वी ती अर्थची पिन कुठेच जात नव्हती, आता ती खड्ड्याला जोडली गेली, म्हणजे न्यूट्रलच्या परतीच्या करंटला दोन वाटा झाल्या. आरसीसीबी फक्त एवढंच बघतो की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का. पंख्याचा करंट छोटा, त्यातला खड्ड्याकडे वळणारा हिस्सा 30 मिलीअँपिअरच्या खूप खाली. इस्त्री चार अँपिअर घेते, तिचे थोडे टक्के वळले तरी आरसीसीबी पडायला पुरे. इस्त्रीचा काही दोष नव्हता आणि ग्राइंडर तर तेव्हा बंदच होता.

हे शोधताना मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. एकेक एमसीबी बंद करून बघत बसलो, आणि पडवीचा एमसीबी बंद असतानाही इस्त्रीला पडतोच म्हणून पडवी निर्दोष ठरवली. सिंगल पोल एमसीबी फेजच तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जिथे एकत्र येतात ती पट्टी) एकेका सर्किटचा न्यूट्रल सोडवायचा, सगळ्या पिना काढायच्या, आणि सुटलेला न्यूट्रल ते अर्थ मल्टिमीटरने बघायचं. बीप वाजला तिथे चोर. मेनमध्ये हात घालायची सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या, पण त्याला हेच करायला सांगा.

न्यूट्रल-अर्थचा लोचा नसेल आणि पावसाळ्यातच पडत असेल तर मशीनवर संशय घ्या. ग्राइंडरमध्ये कार्बन ब्रश असेल तर त्याची काळी पूड आत साठते, तिला दमट हवा लागली की गळती सुरू. ब्लोअर मारून, उन्हात सुकवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचा मीटर) बघा, एक मेगओहमच्या खाली आलं तर चालवू नका. इन्व्हर्टर बसवल्यापासून पडत असेल तर त्याचा आउटपुट न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेत, तिथेच बघा.

टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबा, पण त्यावरून अर्थिंग चांगलं आहे असं समजू नका. ते बटन आतल्या आत एका रेझिस्टरमधून खोटी गळती करतं, खड्डा नसला तरी आरसीसीबी पडतो. पेचकससारखा दिव्याचा टेस्टरही तसाच, आणि मल्टिमीटर फेज ते अर्थ 230 दाखवतो म्हणून खूश होऊ नका, तो इतका कमी करंट घेतो की गंजक्या अर्थवरही 230 दाखवेल. खड्ड्याला अर्थ टेस्टर (खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) लावायचा, तोही मे महिन्यात. ऑगस्टमधलं रीडिंग कोणाचंही चांगलंच येतं.

दोन पिनांच्या हँड ग्राइंडरवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर तो डबल इन्सुलेटेड असतो, त्याला जबरदस्तीने अर्थ जोडायची गरज नाही. याउलट बेंच ग्राइंडर आणि वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरची तिसरी पिन कापणाऱ्याला पडवीत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. आणि फेज एका हातात, न्यूट्रल दुसऱ्या हातात आला तर आरसीसीबीला ते साध्या लोडसारखंच वाटतं, तो पडेलच असं धरू नका, वायर जोडताना मेन बंदच ठेवा.

खड्ड्याचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता आणि झाकण उघडाल तेव्हा क्लॅम्पचा नट हलवून बघा, मिठाने आधी तोच खाल्लेला असतो.