जनावराने वैरण सोडली, तर पहिल्या काही तासांत काय करावं

गोठ्यातलं दुखणं बहुतेक वेळा सगळ्यात आधी धार काढणाऱ्या बाईच्याच ध्यानात येतं. दूध कमी आलं, गव्हाणीत वैरण तशीच राहिली, रवंथ करणं थांबलं, असं ती म्हणाली तर ‘बघू उद्या’ म्हणू नका.

आधी बघा, मग औषध. जनावर सावलीत निवांत उभं करा आणि गुदद्वारात थर्मामीटर धरून ताप मोजा. निरोगी गाईचा १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतो, म्हशीचा किंचित कमी. उन्हातून आलेल्या म्हशीचा लगेच मोजू नका, तिचं काळं अंग लवकर तापतं. मग डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरा. पोट चालू असेल तर मिनिटाला एक-दोनदा मुठीखाली काहीतरी सरकल्यासारखं लागतं. कान गार की गरम, शेण कसं आहे, एखादा सड सुजलाय का, तेही बघा.

मग गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध संघाच्या डॉक्टरांना फोन करा. शासनाच्या पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. नुसतं ‘म्हस आजारी आहे’ म्हणून भागत नाही. ताप किती, व्याली कधी, काय खाल्लं, एवढं सांगितलंत तर डॉक्टर हाताशी योग्य औषध घेऊन निघतात. डावी कूस फुगून श्वास लागला असेल किंवा वासरू अडलं असेल, तर मोजत बसू नका, आधी फोन.

व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत म्हैस बसली, मान वळवून कुशीवर टाकली, कान गार पडले, तर बहुधा दुग्धज्वर. यात अंग तापत नाही, थंड पडतं, कारण रक्तातलं कॅल्शियम एकदम चिकात उतरलेलं असतं. आपल्याकडे गळीत हंगामात उसाचं वाढं हीच मुख्य वैरण, आणि वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, अंगी लागू देत नाही. शिरेतून कॅल्शियम डॉक्टरांनीच सोडायचं. भरभर गेलं तर हृदय बंद पडू शकतं. तोवर तिला छातीवर बसती ठेवा आणि दोन्ही बाजूंनी पाचट भरलेली पोती लावा, कारण आडवी पडली की पोट फुगतं. खाली पाचटाचा जाड थर घाला. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, नाहीतर दबलेल्या पायाचे स्नायू निकामी होतात. शेपटी पिरगाळून उठवू नका. आणि मान टाकलेल्या जनावराला तेल, गूळपाणी, काढा, काहीही पाजू नका. त्याला धड गिळता येत नाही, पाजलेलं फुफ्फुसात जातं. शेजारपाजारचे लोक मायेनेच उपाय सांगतात, पण इथे ठामपणे नाही म्हणा.

तोंडातून लाळेच्या तारा, खुरांत फोड किंवा अंगावर गाठी दिसल्या तर जनावर लगेच वेगळं बांधा. त्याची बादली वेगळी, त्याचं सगळं काम शेवटी. अंगावर गाठी आणणारा लम्पी रोग माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो, म्हणून गोठा कोरडा ठेवा. तो माणसाला होत नाही.

अँटिबायोटिक दिलं असेल तर दूध किती दिवस बाजूला काढायचं ते डॉक्टरांना विचारून वहीत लिहा. ते दूध डेअरीला घालायचं नाही, दूध विकायच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकाला धारोष्ण म्हणून द्यायचं नाही, घरच्या पोरांनाही नाही. पैसे बुडतात हे खरं, तरीही नाही.

जनावर बरं होणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तर त्याला वेदनेत किती दिवस ठेवायचं हेही त्यांच्याशीच मोकळेपणाने बोला. भाकड किंवा लंगडं झालं म्हणून रस्त्यावर सोडू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराची काळजी हे ते सांभाळणाऱ्याचं कर्तव्यच ठरवलं आहे, आणि त्याला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे.

दुग्धज्वरातून म्हैस उठली की तिला नुसत्या वाढ्यावर ठेवू नका. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, जोडीला कडबा किंवा हिरवा मका द्या, खनिज मिश्रण चालू करा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची असते. ती राहिली असेल तर डॉक्टर गोठ्यात आलेलेच असताना तारीख ठरवून घ्या.