प्रभाताईंची बंदिश बसवायचीये? मग आधी गाऊ नका

गाण्याच्या क्लासमधल्या दोघी-तिघी सारख्या विचारतात की शास्त्रीय गायिका प्रभाताई अत्र्यांची बंदिश, म्हणजे रागात बांधलेली चीज, ऐकायला गोड लागते पण बसवायला गेलं की सगळा गोंधळ होतो, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी काही गायिका बियिका नाही, नाशिकमध्येच इंदिरानगरहून पंचवटीत आठवड्यातून दोनदा शिकायला जाते, तेही चाळिशीनंतर सुरू केलेलं, त्यामुळे चुका कुठे होतात हे मात्र पक्कं माहितीये.

सुरुवात मारुबिहाग रागातल्या 'जागूं मैं सारी रैना'ने करा. बंदिश त्यांनी स्वतः बांधलेली आहे. आपण त्यांना नुसतं गायिका म्हणतो पण त्या रचनाकारही तेवढ्याच मोठ्या, अपूर्व कल्याण, दरबारी कंस हे रागसुद्धा त्यांचेच. म्हणून ऐकताना 'वा काय आवाज' यात अडकू नका, बांधणी बघा.

पहिले चार-पाच दिवस तोंड बंद, नुसतं ऐकायचं. आणि इअरफोन लावून द्वारका सर्कलवरून स्कूटर चालवत नाही हं, घरी, रात्री जेवणं आवरल्यावर. मारुबिहाग तसाही रात्रीचाच राग. एकदा फक्त शब्दांकडे लक्ष, एकदा फक्त तबल्याकडे. मग हाताने तीनताल धरा, 16 मात्रा, टाळ्या 1, 5, 13 वर आणि 'खाली', म्हणजे रिकामा हात, 9 वर, आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, कितव्या मात्रेवरून उठतो ते स्वतः शोधून वहीत लिहा. दुसऱ्याला विचारू नका, विचारलेलं टिकत नाही. मी दोन आठवडे चुकीच्या मात्रेवरून उठत होते आणि खुशीत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठल्यासारखी मान हलवत होते, शेवटी आमच्या तबलजींनी ठेका थांबवून पाणी प्यायला घेतलं तेव्हा कळलं.

त्यानंतर तानपुरा अ‍ॅप लावून राग घोटा. आरोहात, म्हणजे सूर चढताना, रे, ध वगळायचे, अवरोहात, म्हणजे उतरताना, घ्यायचे, मध्यम म्हणजे म दोन्ही, शुद्ध आणि तीव्र. शुद्ध मध्यम 'सा म ग' असा येतो, पुढे लगेच तीव्र मध्यमावरून प. इथेच सगळ्यांचं घसरतं, कारण जीभ सवयीने बिहाग नाहीतर यमन या जवळच्या रागांकडे पळते.

आता सरगम, म्हणजे सुरांची नावंच घेत गाणं. लोक पहिल्याच दिवशी त्यांच्या सरगमची नक्कल करायला जातात आणि तोंडघशी पडतात. बाईंनी सरगमवर डॉक्टरेट केली होती हो! किराणा घराण्याची तालीम, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर हे गुरू, शिवाय विज्ञान आणि कायदा दोन्हीच्या पदव्या, त्यामुळे तिथे उगाच टाकलेला एकही सूर नाही. आपण आधी चार-चार सुरांच्या तुकड्यांनी समेवर यायचं, तेवढं पुरे.

आणि वय झालं म्हणून लाजू नका. प्रभाताईंच्या घरी गाणं आलं तेच आईमुळे, आईंची तब्येत बरी नव्हती म्हणून कोणीतरी सुचवलं गाणं शिका, बरं वाटेल, त्यांनी थोडेच दिवस शिकलं पण आठ वर्षांची प्रभा शेजारी बसून ऐकत होती.

दुसरी बंदिश कलावती रागातली 'तन मन धन' घ्या. सा ग प ध आणि कोमल नी, पाचच सूर, रे-म नाहीत, म्हणजे सोपं असं वाटतं. अजिबात नाही. ग वरून प वर जाताना मध्ये म चाटून जातोच. नुसतं ग-प, ग-प रोज दहा मिनिटं करा, घरचे कंटाळतील, कंटाळू देत.

नोटेशनसाठी त्यांच्या बंदिशींचे संग्रह छापलेले आहेत. वाचायची आवड असेल तर त्यांचं 'स्वरमयी' हे पुस्तक सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, विचारून बघा. पण नोटेशनचं पुस्तक उघडायचं ते बंदिश कानात बसल्यावर, आधी नाही.

शेवटी स्वतःचं गाणं फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी ऐकू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका, मग खरं कळतं. माझा अंतऱ्यातला, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागातला, तार सा (वरचा सा) अजून हलतोय, आज परत लावून बघते.