‘इनडिस्क्रीट’ कसा पाहावा

प्रौढ वयातील प्रेमावरचा हॉलिवूडचा एखादा जुना विनोदी चित्रपट लावला की बरेच प्रेक्षक पहिल्या अर्ध्या तासातच चुळबुळू लागतात. ते खळखळून हसण्याची वाट पाहत असतात आणि पडद्यावर मात्र दोन सुसंस्कृत माणसे नुसती बोलत असतात. स्टॅन्ली डॉनन दिग्दर्शित ‘इनडिस्क्रीट’ (१९५८) हा अशा चित्रपटांपैकी माझ्या मते सर्वांत नजाकतीचा आहे, पण तो धीराने आणि थोड्या पूर्वतयारीनेच पाहावा लागतो.

त्या तयारीतली पहिली गोष्ट नायिकेच्या चेहऱ्याशी निगडित आहे. इन्ग्रिड बर्गमन विवाहित असतानाच इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी यांच्या प्रेमात पडल्या, तेव्हा अमेरिकेत इतका गहजब झाला की १९५० साली थेट सिनेटमध्ये त्यांचा जाहीर निषेध करण्यात आला. पुढे ‘अनास्तासिया’साठी त्यांना ऑस्कर मिळाले. १९५७ सालच्या त्या समारंभाला त्या हजर नव्हत्या आणि त्यांच्या वतीने पारितोषिक स्वीकारले ते अभिनेते कॅरी ग्रॅन्ट यांनी. त्यानंतरच्याच वर्षी याच दोघांच्या या चित्रपटात बर्गमन यांनी साकारलेली अ‍ॅना, समोरचा पुरुष विवाहित आहे असे समजूनही त्याच्याशी नाते जोडते. तेव्हाच्या प्रेक्षकाला हा इतिहास तोंडपाठ होता. आपण तो मनाशी ठेवला नाही, तर अर्धी गंमत हातची जाते.

दुसरी गोष्ट वयाची. प्रदर्शनाच्या वेळी ग्रॅन्ट ५४ वर्षांचे होते आणि बर्गमन ४२ वर्षांच्या. बेचाळिशीतल्या प्रेमाला ‘उशिराचे’ म्हणणे हा हॉलिवूडचा हिशेब, तोही केवळ स्त्रियांना लावलेला; मात्र हा चित्रपट वय लपवण्याच्या फंदात पडत नाही. अ‍ॅना ही लंडनची नामवंत रंगभूमी-अभिनेत्री आहे आणि मनाजोगा पुरुष भेटण्याची आशा तिने जवळजवळ सोडून दिली आहे. बहिणीशी याच विषयावर बोलत ती चेहऱ्यावरचा मेकअप उतरवत असते, आणि नेमका त्याच क्षणी फिलिप अ‍ॅडम्स (ग्रॅन्ट) दारात उभा राहतो. हे दृश्य घाईने पुढे ढकलू नये. बर्गमन यांचे बोलणे मध्येच अडखळते, नजर खिळते, आणि पुढच्या कथेला लागणारे सारे कारण त्या क्षणभरात मिळून जाते. नायिकेची पहिली भेट शृंगार करून नव्हे, तर शृंगार पुसताना घडवायची, ही कल्पना तरुण जोडप्याच्या कथेत इतकी बोलकी झाली नसती.

आता ज्या प्रसंगासाठी हा चित्रपट आवर्जून पाहावा, तो टेलिफोनचा. फिलिप पॅरिसमध्ये, अ‍ॅना लंडनमध्ये, दोघेही रात्री आपापल्या पलंगावर पडून बोलत आहेत. डॉनन यांनी पडदा मधोमध उभा विभागून दोन्ही चित्रे शेजारी शेजारी अशी बसवली आहेत, की दोघे एकाच पलंगावर असल्याचा भास व्हावा. पडद्यावर काय दाखवता येईल हे ठरवणारी, हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडकपणे लागू झालेली निर्मितीसंहिता तेव्हाही अस्तित्वात होती आणि नवरा-बायकोसुद्धा पडद्यावर बहुधा दोन वेगळ्या पलंगांवर झोपत. मग अविवाहित प्रेमिकांची काय कथा! मधल्या रेषेने नियम अक्षरशः पाळला गेला आणि त्याच रेषेने तो मोडलाही. हा प्रसंग एकदा संवादांसह पाहिल्यावर आवाज बंद करून पुन्हा पाहावा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या हालचालींची लय किती काटेकोरपणे जुळवली आहे ते लक्षात येते. जीन केली यांच्यासह ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) हा नृत्य-गीतांचा चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या माणसाने इथे नाच न दाखवता नृत्यच बसवले आहे. पुढच्याच वर्षी ‘पिलो टॉक’मध्ये विभागलेल्या पडद्याची ही युक्ती अधिक ढोबळपणे वापरली गेली.

उत्तरार्धात समजते की फिलिप विवाहित नाहीच. लग्नाच्या अपेक्षेतून सुटका व्हावी म्हणून त्याने पत्नीची कथा रचलेली असते. त्यावर अ‍ॅना जे बोलते, त्याचा आशय असा की, लग्न झालेले नसताना या माणसाने माझ्यावर प्रेम करण्याची हिंमत केलीच कशी? या वाक्याला हसू येते, पण हसून मोकळे होऊ नये. प्रौढ स्त्रीने डोळसपणे केलेल्या निवडीला खोट्या माहितीचा आधार होता, हा तिचा खरा अपमान आहे. त्यानंतरच्या मेजवानीत फिलिप स्कॉटिश लोकनृत्यात बेभान होऊन उड्या मारतो, तेव्हा दृष्टी ग्रॅन्ट यांच्यावरून काढणे अवघड असले, तरी ती अधूनमधून बर्गमन यांच्याकडे वळवावी. त्याला काहीच ठाऊक नाही, तिला सगळे ठाऊक आहे, आणि त्यामुळे त्याची प्रत्येक उडी अधिकाधिक हास्यास्पद होत जाते.

शेवटचा भाग रंगमंचीय वाटतो आणि त्याला कारण आहे: नॉर्मन क्रॅस्ना यांनी आपल्याच ‘काइंड सर’ (१९५३) या नाटकावरून ही पटकथा लिहिली. फिलिपला मत्सराने जाळण्यासाठी अ‍ॅना जुन्या प्रियकराचे नाटक रचते आणि ऐनवेळी तिच्याकडे काम करणाऱ्या साध्याभोळ्या कार्लला त्या भूमिकेत उभे राहावे लागते. डेव्हिड कोसॉफ यांनी त्याची धांदल झकास वठवली आहे. मात्र फिलिप अगदीच स्वस्तात सुटतो, हे माझे मत कायम आहे. दुसऱ्यांदा पाहताना प्रेमिकांना थोडे बाजूला ठेवून सेसिल पार्कर यांच्या आल्फ्रेडवर लक्ष ठेवावे. अ‍ॅनाच्या या मेहुण्याला फिलिपचे गुपित तिच्या आधी कळते, आणि ते पोटात ठेवताना त्या प्रतिष्ठित गृहस्थाची जी तारांबळ उडते, ती पहिल्या वेळी ग्रॅन्ट-बर्गमन यांच्या तेजात सहसा नजरेतून निसटते.