स्काऊट पथकाला घेऊन जुन्या पुण्यात इतिहास-फेरी : नव्या स्काऊट मास्तरांसाठी

बेसिक कोर्स करून नुकतंच पथक हातात घेतलेले बरेच जण विचारतात की मुलांना इतिहास दाखवायला नेमकं न्यायचं कुठे आणि सांगायचं काय. माझं स्पष्ट मत, दहा ठिकाणं दाखवू नका, एकच धागा धरा. मी पुण्यात पाण्याचा धरतो, शनिवारवाडा ते गंज पेठेतला फुलेवाडा. चालत दोन-अडीच किलोमीटरच आहे पण थांबत थांबत अख्खी सकाळ जाते.

शनिवारवाड्यात मुलं आधी दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांना हात लावायला पळतात, लावू द्या. हत्तीने धडक मारू नये म्हणून ते ठोकलेत हे त्यांना खिळ्यांची उंची बघूनच कळतं. १७३० ची पायाभरणी, १८२८ ची आग, एवढं दोन वाक्यांत सांगा आणि सरळ हजारी कारंज्यापाशी न्या. तिथे मी एकच प्रश्न टाकतो, मोटर नाही, वीज नाही, मग कारंजं उडायचं कसं? उत्तर लगेच देऊ नका!! संघासंघाने (संघ म्हणजे पथकातला मुलांचा छोटा गट) बोलू द्या, संघनायकाला म्हणजे त्या गटाच्या म्होरक्या मुलाला उत्तर मांडू द्या. कुणीतरी 'टाकी उंचावर असणार' म्हणतोच, मग कात्रजचं नाव काढा. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या बांधीव नळातून पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं, कात्रज उंचावर आणि पेठा खाली, त्यामुळे पाणी नुसत्या उतारावर आलं. विज्ञानाच्या पुस्तकातला पाण्याचा दाब मुलांना इथे पटकन कळतो.

पुढे फरासखान्याच्या कोपऱ्यावर बाहुलीचा हौद. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या काशी या लहान मुलीच्या आठवणीत बांधलेला. मुलीला शिकवतात म्हणून नातलगांनीच तिचा जीव घेतला असं सांगतात. पथकात लहान मुलं असतील तर हे हळू आवाजात, पण सांगाच. कारण जवळच भिडेवाड्याची जागा आहे, १८४८ ला जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती. जुनी इमारत २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडली, त्यामुळे मी जुना फोटो प्रिंट काढून नेतो. सोबत गाइड म्हणजे मुलींचं पथक असेल तर इथलं बोलणं गाइड कॅप्टन मॅडमना करू द्या, मुली जास्त मोकळेपणाने प्रश्न विचारतात.

मंडईत फक्त पाणी प्यायला आणि केळी खायला थांबायचं (इमारत १८८६ ची, अष्टकोनी, मुलांनाच कोपरे मोजायला लावा).

मग फुलेवाडा. १८६८ मध्ये जोतिरावांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सकाळी पेशव्यांचं कारंजं बघितलेलं असतं, त्यामुळे 'पाणी शहरात आलं, पण भरायला कुणाला मिळालं' हा प्रश्न मुलांच्याच तोंडून येतो. माझ्या मते सगळी फेरी याच प्रश्नासाठी काढायची. इथे घाई करू नका, बसवा, डबे नंतर.

तयारीचं थोडक्यात. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं आधीच घ्या, सात वाजता निघा म्हणजे गर्दीच्या आधी रस्ते ओलांडून होतात, एक मोठा माणूस पुढे आणि एक अगदी शेवटी. रस्ता ओलांडायच्या आधी शिट्टीवर सगळे थांबणार, हे शाळेच्या मैदानावरच पक्कं करून घ्या. मोजणी प्रत्येक थांब्यावर संघनायकाने करायची, तुम्ही त्याच्याकडून आकडा घ्यायचा. प्रथमोपचार पेटी एका ठरलेल्या मुलाकडेच असू दे, आणि एक दिवस आधी तुम्ही स्वतः हा रस्ता चालून या कारण पेठांत कुठे खोदकाम निघेल सांगता येत नाही.

लॉगबुकात म्हणजे फेरीच्या नोंदवहीत नुसतं 'आम्ही अमुक पाहिलं' चालवून घेऊ नका. प्रत्येक संघाने एका हौदाचं चित्र काढायचं आणि घरी किंवा शेजारी जुनं पुणेकर कुणी असेल तर त्यांना विचारून लिहायचं, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा तुम्ही कुठे होता आणि पुढे प्यायचं पाणी कुठून आणलं.