मोबाइलवरची घरभेट: पाळकांनी आणि मंडळीने ती कशी द्यावी

इंदूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) उपासना हिंदीत होते, पण नंतर चहा पिताना मराठी घरं एकमेकांशी मराठीतच बोलतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा चहा होत नाही. सकाळी बायबलचं वचन येतं, त्याखाली हात जोडलेले येतात आणि ज्याला खरोखर बोलायचं असतं तो गप्पच राहतो.

म्हणून आधी ग्रुप दोन करा. एक नुसत्या सूचनांचा, जिथे फक्त अॅडमिनच लिहू शकतील: उपासनेची वेळ, मयत, रक्ताची गरज. दुसरा बोलण्याचा. फेसबुक पेज मंडळीच्या नावाने उघडा, पाळकांच्या (पास्टरांच्या) खासगी खात्यावर नको. त्यांची बदली झाली की सगळं त्यांच्याबरोबर जातं. अॅडमिन तीन तरी असावेत, त्यांत एक बाई हवीच.

आता प्रार्थना-विनंत्या. इथे मी स्वतः चुकले आहे. एका ताईंसाठी मी ग्रुपवर प्रार्थना मागितली, आजाराच्या नावासकट. संध्याकाळपर्यंत ते खंडव्याला त्यांच्या सासरी पोहोचलं. त्यांनी घरात अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, फक्त मागच्या बाकावर बसू लागल्या. मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन-अडीच दिवस मिळतात, पण पुढे गेलेला मेसेज परत येत नाही. तेव्हा आधी त्या माणसाला विचारा, "नाव घालू का? आजार सांगू का?" नको म्हटलं तर "आपल्यातल्या एका बहिणीसाठी" एवढं पुरे. देवाला पत्ता ठाऊक आहे.

पाळकांना कुणी खासगीत लिहिलं तर त्याच दिवशी उत्तर द्या. "वाचलं, रात्री आठला फोन करतो" हेही चालेल, मात्र फोन करा. नुसतं वचन पाठवून सुटका करून घेऊ नका. व्हॅटिकनने 2023 मध्ये सोशल मीडियावर जे चिंतन प्रसिद्ध केलं, त्याच्या मध्यभागी चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे, आणि तो तर जखमी परक्यासाठी वाटेत थांबला होता. कुणी "जगावंसं वाटत नाही" असं लिहिलं, तर लगेच फोन लावा, जवळच्या कुणाला त्यांच्या घरी पाठवा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या. तो चोवीस तास मोफत चालतो. प्रार्थना त्यांच्याजवळ बसून करा.

मुलांचे फोटो आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका. अल्पवयीन मुलामुलींशी पाळकांनी एकट्याने चॅट करू नये, त्यात घरचं मोठं माणूस असावं.

चंगाईचे, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा झाल्याचे, व्हिडिओ टाकण्याचा मोह होतो. ते पाहून कुणी इन्सुलिन बंद केलं तर? बाप्तिस्म्याच्या फोटोचंही तसंच. मध्य प्रदेशात धर्मांतरावर निर्बंध घालणारा 2021 चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे. फोटो भलत्याच्या हाती पडला तर त्या घराला काय सोसावं लागेल, हे आधी त्यांच्याशीच बोला.

कुणी चिडून कमेंट केली तर एकदा नम्रपणे उत्तर द्या आणि भेटायला बोलवा. दुसऱ्याच्या श्रद्धेला कधीही खाली लेखू नका. रंगपंचमीच्या गेरला (इथल्या रंगांच्या मिरवणुकीला) शेजाऱ्यांना मनापासून शुभेच्छा द्या.

आणि ज्या आजी-आजोबांकडे स्मार्टफोन नाही त्यांची नावं एका वहीत लिहून ठेवा. सूचना ग्रुपवर टाकली की ती वही उघडून त्यांना फोन लावायचा, आणि जे फोन उचलत नाहीत त्यांच्या दाराशी जायचं.